गारपीट आणि घराचे छप्पर: सगळेच पत्रे बदलावेत का?

प्रश्न: आमचे घर सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला आहे. पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब आहे आणि मागच्या दोन खोल्यांवर सिमेंटचे पत्रे आहेत. ते सासऱ्यांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी बसवले. मागच्या खोलीत मी शाळांचे गणवेश शिवते, व्यापाऱ्याकडून आलेले कापड तिथेच असते. गेल्या मार्चमध्ये गारा पडल्या तेव्हा दोन पत्रे तडकले आणि कापडाचा एक गठ्ठा भिजला. पत्र्याचे काम करणारे ठेकेदार म्हणतात की सगळे पत्रे काढून रंगीत लोखंडी पत्रे टाका. दीर म्हणतात, खर्च करायचाच तर स्लॅबच टाकू. मुलाचे म्हणणे असे की गारा दहा वर्षांतून एकदा पडतात, त्यासाठी एवढा पैसा कशाला? स्लॅबवर सौर बंबही आहे. काय करावे?

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुम्हाला आधी निर्णय सांगतो आणि मग त्यामागची कारणे. केवळ गारांच्या भीतीने सगळे पत्रे बदलण्याची आज तरी गरज दिसत नाही. मात्र तडकलेले दोन पत्रे आणि संपूर्ण छपराचे हुक येत्या फेब्रुवारीच्या आत बदलून घ्या. स्लॅबचा विचार भिंती कशाच्या आहेत हे एखाद्या स्थापत्य अभियंत्याने प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मनातही आणू नका. मुलाचे म्हणणे मला अर्धे पटते, आणि उरलेले अर्धे का पटत नाही ते पुढे लिहितो.

आपल्या भागात गारांचा हंगाम मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल असा असतो. दुपारपर्यंत जमीन तापते, बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून दमट वारा आत येतो, वरच्या थरात मात्र थंड आणि कोरडी हवा असते. अशा वेळी ढग दोन-तीन तासांत प्रचंड उंच वाढतो आणि त्यातला वर चढणारा वारा पाण्याचे थेंब गोठणबिंदूच्या पातळीच्या वर, म्हणजे जिथे पाणी गोठते त्या उंचीच्या वर नेऊन त्यांच्यावर बर्फाचे थर चढवत राहतो. तो भार वाऱ्याला पेलेनासा झाला की गार खाली येते. मे महिन्यात वळीव जोरात येतो, पण तोवर हवा इतकी तापलेली असते आणि गोठणबिंदूची पातळी इतकी वर गेलेली असते की लहान गारा जमिनीवर पोहोचण्याआधीच बऱ्याच अंशी वितळतात. म्हणून छपराची कामे मेमध्ये पावसाळ्याच्या तोंडावर काढण्याची आपली जी रीत आहे, ती गारांच्या दृष्टीने उशिराची ठरते. हे काम दिवाळीनंतर, थंडीत उरकले पाहिजे.

२०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या मोठ्या भागात जी गारपीट झाली, तीत सोलापूर जिल्ह्यातली द्राक्षे, डाळिंबे आणि काढणीला आलेली ज्वारी मातीला मिळाली. इतका मोठा विस्तार आणि इतके दिवस टिकणारी गारपीट विरळाच, त्यामुळे तुमच्या मुलाच्या बोलण्याला आधार आहे. परंतु गारांचा पट्टा अरुंद असतो. तो काही किलोमीटर रुंद असतो आणि ढग पुढे सरकतो तसा लांबत जातो. एकाच संध्याकाळी जुळे सोलापूर कोरडे राहावे आणि कुंभारीच्या बाजूला अंगण पांढरे व्हावे, हे सहज घडते. याचा अर्थ असा की जिल्ह्यात कुठे ना कुठे गारा पडत राहतात, पण नेमक्या तुमच्या घरावर त्या पडण्याची शक्यता कोणत्याही एका वर्षी कमीच असते. फक्त त्याच वेळी तुमचा पत्रा दरवर्षी एका वर्षाने जुना होत असतो, आणि मुलाच्या हिशेबात सुटलेली गोष्ट हीच आहे. नव्या पत्र्याने सोसलेली गार वीस वर्षांच्या पत्र्याला सोसत नाही.

गारेचा आकार हा इथला खरा मुद्दा आहे. गारेचा व्यास दुप्पट झाला की तिचे वजन आठपट होते, आणि मोठी गार अधिक वेगाने पडत असल्याने तिच्या आघाताची ऊर्जा साधारण सोळापट होते. हरभऱ्याएवढ्या गारांनी आवाज भयंकर होतो, पण धड असलेल्या छपराचे काही बिघडत नाही. सुपारीच्या पुढे आकार गेला की जुने सिमेंटचे पत्रे, उन्हाने पिवळे पडलेले पारदर्शक फायबरचे पत्रे आणि सौर बंबाच्या काचनळ्या यांना धोका सुरू होतो. लिंबाएवढ्या गारा पडल्या तर चांगल्या पत्र्यांनाही भरवसा देता येत नाही. पुढच्या वेळी गारा पडून थांबल्या की एक गार दहा रुपयांच्या नाण्याशेजारी ठेवून तिचा फोटो काढा. ते नाणे २७ मिलिमीटर व्यासाचे असते, आणि पंचनाम्याला किंवा विम्याला हा फोटो कोणत्याही वर्णनापेक्षा उपयोगी पडतो.

आता तुमच्या पत्र्यांकडे येऊ. सिमेंटचा पत्रा लोखंडी पत्र्यासारखा वाकत नाही. तो एक तर टिकतो किंवा तडकतो. शिवाय तडा नेहमी गार लागली तिथेच दिसतो असे नाही. खोलीचे दार-खिडक्या लावून भर दुपारी आत उभे राहा आणि वर नीट पाहा. हुकाच्या भोकापासून निघून नागमोडीच्या उंचवट्यावरून सरळ जाणारी केसाएवढी उजेडाची रेघ दिसली, तर तो पत्रा गेला असे समजा. उजेड दिसत नसला तरी खालच्या बाजूला तपकिरी ओघळ, पांढरट क्षार किंवा बोट फिरवल्यावर भुकटी लागणारी जागा असेल, तर तिथेही तडा आहे, फक्त तो अजून आरपार गेलेला नाही. प्रत्येक संशयित जागेवर आतून खडूने खूण करा. दोन पत्रे तडकले असे तुम्ही लिहिले आहे. या तपासणीत कदाचित आणखी दोन सापडतील. एकूण पत्र्यांपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक असे निघाले, तर मात्र माझा सल्ला बदलतो. मग तुकड्या-तुकड्याने दुरुस्ती करण्यापेक्षा एकदाच सगळे बदललेले बरे.

ही तपासणी आतून करा, वर चढून नव्हे. जुना सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनाने कोणतीही सूचना न देता फुटतो, आणि अशा छपरांवर सर्वांत गंभीर अपघात गारांनी नव्हे तर दुरुस्तीला चढलेला माणूस खाली कोसळून होतात. मिस्त्री चढतील तेव्हाही त्यांनी खालच्या लोखंडी अँगलवर टेकणारी रुंद फळी टाकून तिच्यावरूनच चालले पाहिजे, ही अट तुम्ही स्वतः घाला. दुसरी काळजी धुळीची आहे. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा धड असताना ते बांधलेले राहतात, पण तो कोरडा कापला, घासला किंवा आपटून फोडला तर ते हवेत उडतात आणि श्वासावाटे फुप्फुसात जाऊन वर्षानुवर्षांनी गंभीर आजार करतात. म्हणून पत्रा आधी पाण्याने पूर्ण भिजवावा, अखंड खाली उतरवावा, काम करणाऱ्यांनी चांगला मास्क लावावा, आणि पडलेला चुरा झाडूने न झाडता ओल्या फडक्याने टिपून प्लास्टिकमध्ये बांधावा. उरलेले तुकडे शेळीच्या गोठ्याला किंवा न्हाणीच्या आडोशाला वापरण्याची सवय आपल्या वस्त्यांत सर्रास आहे; ती कृपा करून टाळा. तुम्ही त्याच खोलीत दिवसभर मशीनवर बसता आणि कापडावर ही धूळ बसली तर ती तुमच्याच हातून पुन्हा झटकली जाईल. तेव्हा काम सुरू होण्याआधी सगळे कापड पुढच्या खोलीत हलवा.

छपराचे नुकसान गारांइतकेच, किंबहुना अधिक, त्यांच्यासोबत येणाऱ्या वावटळीने होते, हे लोकांच्या ध्यानात येत नाही. वारा वळचणीखाली शिरून पत्रा वर उचलतो, सैल हुकाभोवती तो थरथरतो, आणि त्याच क्षणी वरून गार बसली की भोकापाशी तडा जातो. तुमचे पत्रे वीस वर्षांचे आहेत म्हणजे हुकांखालचे डांबरी वॉशर केव्हाच वाळून भुगा झालेले असणार आणि हुक गंजून बारीक झालेले असणार. सगळे जे-हुक (इंग्रजी ‘J’ अक्षरासारखे वाकवलेले हुक) नव्या जस्त चढवलेल्या हुकांनी आणि रबरी वॉशरांनी बदला. नट फार आवळू नका, कारण सिमेंटचा पत्रा अति आवळल्यानेही तडकतो. वळचण आणि आढे या दोन ओळींत हुक दाट हवेत, कारण वाऱ्याची ओढ तिथेच सर्वाधिक असते. दोन अँगलमधले अंतर साडेचार फुटांहून अधिक आढळले, तर मध्ये एक अँगल वाढवून घ्या. असे केल्यास पत्रा न बदलताही छपराचे बळ लक्षणीय वाढते आणि खर्चही आवाक्यात राहतो.

पत्रा उडू नये म्हणून तुमच्या छपरावर दगड ठेवलेले आहेत की नाहीत, हे तुम्ही लिहिलेले नाही; असतील तर ते आजच उतरवा. वाऱ्याने पत्रा उचलला की तेच दगड घरातल्या माणसांवर येतात.

ठेकेदारांनी सुचवलेला रंगीत लोखंडी पत्रा वाईट नाही. गारांनी त्याला पोचे पडतात, पण तो फुटत नाही, आणि पोच्यातला रंग किंवा जस्ताचा थर उडालेला नसेल तर तो केवळ दिसण्याचा दोष राहतो. पण सोलापुरात छप्पर निवडताना दहा-पंधरा मिनिटांच्या गारांबरोबर तीन महिन्यांच्या उन्हाळ्याचाही हिशेब मांडला पाहिजे. चाळिशी ओलांडलेल्या तापमानात उघड्या लोखंडी पत्र्याखाली दुपारी शिवणकाम करणे जवळजवळ अशक्य होते. सिमेंटचा पत्रा त्या मानाने थोडा सुसह्य असतो. त्यामुळे पुढे कधी लोखंडी पत्रा टाकायची वेळ आली, तर उष्णतारोधक थर असलेला पत्रा किंवा खाली छताची पोकळी सोडून बसवलेले सीलिंग यांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरून घ्या, नाहीतर तो दुसऱ्या वर्षी वेगळा करावा लागतो. पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून मागा आणि ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असू द्या. हाताने दाबल्यावर लवणारा पातळ पत्रा स्वस्त पडतो, पण गारांतही टिकत नाही आणि वाऱ्यातही नाही.

दिरांच्या सूचनेमागे घराविषयीची आस्था आहे, तरीही स्लॅबबाबत मी आग्रहाने थांबा म्हणतो. सिमेंटच्या पत्र्यासाठी बांधलेल्या भिंती पुष्कळदा मातीत किंवा कच्च्या चुन्यात उभारलेल्या असतात, पायाही उथळ असतो, आणि आडवा बांधणारा काँक्रीटचा पट्टा नसतो. पत्र्याच्या तुलनेत स्लॅबचे वजन कितीतरी पट असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंतींवरच्या जड माळवदांखाली (मातीच्या सपाट छपरांखाली) माणसे कशी गाडली गेली, हे आपल्या भागाला सांगायला नको. सोलापूर तिथून फार दूर नाही. अभियंत्याने पाया आणि भिंती पाहून खांब-तुळयांचा आराखडा दिला, महापालिकेची परवानगी मिळाली आणि ऐपत असली, तर स्लॅब हा गारांवरचा सर्वांत भक्कम उपाय आहे यात शंका नाही. यांतली एक जरी गोष्ट नसेल तर तो उपाय गारांपेक्षा मोठे संकट घरात आणतो.

तुमच्या पुढच्या खोल्यांच्या स्लॅबला गार काही करणार नाही, पण गच्चीला करील. गारा वाहून जात नाहीत. त्या पाण्याबरोबर घरंगळत उताराच्या कोपऱ्यात जमतात आणि पावसाळी पाइपच्या तोंडाशी बर्फाचा बूच बसतो. मग कठड्याच्या आत पाणी चढत जाते. चार इंच पाणी साचले तर दर चौरस मीटरवर सुमारे शंभर किलो भार येतो, आणि तेच पाणी जिन्याच्या दारातून किंवा भिंतीच्या सांध्यातून घरात उतरते. गच्चीला एकच तोंड असेल तर दुसरे काढून घ्या, आणि कठड्यात जमिनीपासून दोन-तीन इंचांवर एक मोकळे भोक ठेवा, म्हणजे खालचे तोंड बुजले तरी पाणी तिथून बाहेर पडेल. पाइपच्या तोंडावर सपाट जाळीऐवजी घुमटासारखी उंच जाळी बसवा. हे गवंड्याचे एका दिवसाचे काम आहे.

सौर बंब काचनळ्यांचा असेल, तर तुमच्या घरात गारांना सर्वांत नाजूक वस्तू तीच आहे. एक नळी फुटली तरी टाकीतले गरम पाणी त्या वाटेने गच्चीवर सांडते, म्हणून तेव्हा कोणीही जवळ जाऊ नये. नळ्यांवर चार-सहा इंच अंतर सोडून अर्ध्या इंचाच्या भोकांची तारेची जाळी काढता-घालता येईल अशा चौकटीत बसवून घ्या. फेब्रुवारी ते एप्रिल ती लावलेली असावी. पाणी किंचित कमी तापेल, पण त्या दिवसांत ते जाणवणार नाही. नळी बदलल्यानंतर टाकी सकाळी उन्हे चढण्याआधी भरा, कारण उन्हात तापलेल्या कोरड्या नळीत गार पाणी शिरले तर ती पुन्हा फुटते. पुढे विजेसाठी सौर पॅनेल बसवायचा विचार असेल तर एवढे माहीत असू द्या: आयईसी ६१२१५ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीत पॅनेलवर २५ मिलिमीटर व्यासाचे बर्फाचे गोळे सेकंदाला २३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ८३ किलोमीटर वेगाने मारतात. त्या प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक गारा या मर्यादेत बसतात. त्यापलीकडच्या मोठ्या गारांची हमी ते प्रमाणपत्र देत नाही.

प्रत्यक्ष गारा पडत असताना काय करावे, हे थोडक्यात सांगतो, कारण इथे माणसांचा प्रश्न आहे. मार्च-एप्रिल हे वाळवणाचे दिवस. कुरडया-पापड्या गच्चीवर पसरलेल्या असतात आणि आभाळ आले की बायका धावत वर जातात. गडगडाट ऐकू आला की वाळवणावर पाणी सोडा, पण जिना चढू नका. गारांच्या आधी वीज पडते. पत्र्याच्या खोलीतून सगळ्यांना स्लॅबच्या खोलीत आणा, मशीनची आणि मागच्या खोलीची वीज मुख्य स्विचवरून बंद करा, खिडक्यांपासून दूर बसा. हवामान विभागाच्या अंदाजात सोलापूर मध्य महाराष्ट्रात मोडते, पण धाराशिव शेजारीच असल्याने मराठवाड्याचा इशाराही वाचत जा. पिवळा किंवा नारिंगी इशारा असेल त्या दिवशी कापडाचे गठ्ठे सकाळीच पुढे हलवा आणि गच्चीची तोंडे साफ करा. पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा ‘मौसम’ ॲपवर मिळतो आणि विजेचा इशारा पुण्याच्या आयआयटीएम संस्थेच्या ‘दामिनी’ ॲपवर. दोन्ही मुलाकडून फोनमध्ये घालून घ्या.

भरपाईबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी लिहितो. गारपीट ही राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीतली आपत्ती आहे. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरलेल्या केंद्रीय निकषांत किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि कच्च्या घराला ४,००० रुपये अशी मदत होती, आणि बांधकाम अधिकृत असण्याची अट होती. चालू दर तहसील कार्यालयात विचारा. दोन पत्र्यांचे नुकसान या टक्केवारीत बसेल असे मला वाटत नाही, पण मोठे नुकसान झाले तर फोटो काढण्याआधी काहीही हलवू नका आणि पंचनाम्यासाठी त्याच दिवशी लेखी अर्ज द्या. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची घरविमा पॉलिसी द्यावी लागते. तीत वादळाने झालेले नुकसान येते. घेण्याआधी गारांचे नुकसान वादळात धरले जाईल का आणि सिमेंटच्या पत्र्याचे छप्पर चालेल का, ही दोन उत्तरे कंपनीकडून लेखी घ्या. झीज आणि जुनेपणा विम्यात येत नाही, म्हणून आज केलेल्या दुरुस्तीची पावती जपून ठेवा.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. भिजलेला कापडाचा गठ्ठा तुमचा नव्हता, व्यापाऱ्याचा होता. घरविम्यात घरगुती सामान येते. धंद्याचा माल त्यात धरला जात नाही. नैसर्गिक आपत्तीत तुमच्याकडे असलेल्या मालाचे नुकसान कोणी सोसायचे, हे व्यापाऱ्याशी आत्ताच, गारा नसताना, बोलून कागदावर आणा. मालाचा विमा त्याने काढलेला असेल तर तुमच्या घरचा पत्ता त्यात आहे का ते विचारा. आणि तोवर पत्र्याच्या खोलीत गठ्ठे जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, वर जाड ताडपत्री टाकून ठेवा.

ठेकेदारांना आता असे सांगा: तडकलेले पत्रे, सर्व हुक आणि वॉशर, वळचणीची जादा ओळ, आणि लागल्यास एक मधला अँगल, एवढ्याच कामाचे वेगळे अंदाजपत्रक द्या. नवे पत्रे जुन्या पत्र्यांच्या नागमोडीशी जुळणारे हवेत, नाहीतर सांध्यातून पाणी येईल. म्हणून खरेदीला जाताना जुन्या पत्र्याचे माप घेऊन जायला सांगा. अंदाजपत्रकात मजुरी आणि साहित्य वेगळे लिहिलेले असावे. ते एवढे छोटे काम घ्यायला तयार नसतील तर दुसरा मिस्त्री पाहा. काम झाल्यावर पैसे पूर्ण देण्याआधी कोणाला तरी पत्र्यावर पाय न ठेवता छपरावर बादलीभर पाणी हळूहळू ओतायला लावा, तुम्ही आतून खडूच्या प्रत्येक खुणेखाली उभे राहून पाहा, आणि सगळ्या जागा कोरड्या राहिल्या तरच शेवटचा हप्ता द्या.